तेव्हेरेच्या खोऱ्यात दहा दिवस : माणगाव ते मोंतोने

माणगावची

माणगावात वाढलेल्या माणसाला यशवंत घाडगे कोण ते सांगावं लागत नाही. पळसगाव-आमडोशीचा मुलगा, मराठा पलटणीत नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. गावात त्यांचा पुतळा आहे, आणि आमच्या शाळेत दरवर्षी कुणी ना कुणी त्यांच्यावर भाषण करायचंच. त्यात एक ओळ ठरलेली असायची : "टायबर नदीच्या खोऱ्यात". ती ओळ मीही घडाघडा म्हटली आहे. ते खोरं दिसतं कसं, तिथे पिकतं काय, हे मात्र कधी मनातही आलं नाही.

आम्ही अकरा वर्षं म्युनिकला आहोत. यंदा जुलैत मी, नवरा आणि तेरा वर्षांची लेक, असे दहा दिवस त्या खोऱ्यात राहून आलो. निघताना माझ्या डोक्यात एकच ठिकाण होतं, मोंतोने गावातलं घाडग्यांचं स्मारक. पण नदीच्या वरच्या टोकापासून खाली येत गेलो आणि वाटेत इतकं काही सापडलं, की सगळं लिहून काढल्याशिवाय राहवेना.

टायबरला तिकडे तेव्हेरे म्हणतात. उगम मोंते फुमायोलो डोंगरावर, साधारण १२६८ मीटर उंचीवर, बीच वृक्षांच्या दाट रानात. बाल्त्से गावाच्या वर गाडी लावून थोडं चालायचं. झऱ्याशी एक दगडी खांब आहे, माथ्यावर गरुड, खाली लांडग्यांची मुंडकी, आणि लिहिलंय की रोमच्या भाग्याला पवित्र असलेली नदी इथे जन्मते. १९२३ पर्यंत हा डोंगर तोस्काना प्रांतात होता. मुसोलिनीने सीमा सरकवून तो आपल्या जन्मजिल्ह्यात, फोर्लीत ओढून घेतला. एवढा खटाटोप ज्या पाण्यासाठी केला ते दोन ओंजळींत मावेल! लेकीने एका उडीत नदी ओलांडली. तिथून रोम गाठून समुद्राला मिळेपर्यंत हेच पाणी ४०५ किलोमीटर चालतं. आम्ही पाहिला तो वरचा भाग, फुमायोलो ते उंबेर्तिदे.

डोंगर उतरलं की पहिलं मोठं गाव पिएव्हे सांतो स्तेफानो. गावात जुनी घरं जवळजवळ नाहीत. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी सुरुंग लावून गाव उडवलं, चर्चं आणि नगरपालिका तेवढी उभी राहिली. आज या गावाची ओळख वेगळीच आहे : इथे साध्या माणसांच्या डायऱ्या जपल्या जातात. सावेरिओ तुतिनो या पत्रकाराने १९८४ मध्ये राष्ट्रीय डायरी संग्रहालय सुरू केलं, तेव्हापासून देशभरातून शेतकरी, सैनिक, गिरणी कामगार, कैदी यांच्या वह्या आणि पत्रं इथे येत आहेत. त्यात एक चादर आहे. क्लेलिया मार्की या शेतकरी बाईने नवरा गेल्यावर आपलं अख्खं आयुष्य लग्नाच्या चादरीवर पेनाने लिहून काढलं. घरात कागद संपला होता, आणि ही चादर आता नवऱ्यासोबत वापरता येणार नव्हती. ओळींना नंबर घातलेत, म्हणजे वाचणाऱ्याची नजर चुकू नये. अक्षर बारीक, एकसारखं, कडेपर्यंत गेलेलं. मला इटालियन कामापुरतंच येतं, तरी त्या काचेपुढून हलवेना.

पिएव्हेच्या खाली मोंतेदोल्यो धरणाचा जलाशय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर चिखलाची फिकट पट्टी दिसते, थेट आपल्या धरणांसारखी. २९ डिसेंबर २०१० च्या रात्री या धरणाच्या सांडव्याची भिंत फुटून खाली पूर आला होता. आता काठाने चालायला छान वाट आहे. सकाळी सातला गेलो तर आम्ही तिघं, दोन मासेमार आणि राखी बगळे.

मुक्काम सान्सेपोल्क्रो आणि आंग्यारी यांच्या मधल्या एका शेतघरात होता. अशा घरांना अ‍ॅग्रीतुरिस्मो म्हणतात. मालकीणबाईंच्या सासूबाई, वय शहाऐंशी, रोज संध्याकाळी अंगणात चूल पेटवायच्या. चुलीवर जाड, गोल, काळी थाळी. तिला तेस्तो म्हणतात. पूर्वी ती मातीची किंवा दगडाची असे, आता बिडाची असते. ती रसरशीत तापली की त्यावर चिमूटभर पीठ भुरभुरायचं. पीठ लगेच काळं पडलं तर थाळी फार तापली, सावकाश तांबूस झालं तर बरोबर. मग बोटभर जाडीची गव्हाची पोळी तिच्यावर टाकायची, काट्याने भोकं पाडायची, एकदाच उलटायची आणि शेवटी कडेवर उभी करून चाकासारखी फिरवत कडा शेकायच्या. तिकडच्या बोलीत तिला चाच्चा म्हणतात, खाली पेरुजाकडे गेलं की तोर्ता अल तेस्तो. गरम असतानाच आडवी चिरून आत लसूण घालून परतलेली रानभाजी भरतात. माझी आजी भाकरीचा तवा असाच पिठाने जोखायची. मी हातानेच कडा शेकायला घेतल्या तेव्हा म्हातारीने माझी बोटं धरून पाहिली आणि सुनेला काहीतरी म्हणाली. सुनेने सांगितलं, "तुझे हात चुलीचे आहेत म्हणतेय."

सान्सेपोल्क्रोला तिथले लोक नुसतं 'बोर्गो' म्हणतात. पिएरो देल्ला फ्रांचेस्का या चित्रकाराचं हे गाव, १४९२ मध्ये तो इथेच वारला. पूर्वीच्या नगरसभागृहात, म्हणजे आताच्या संग्रहालयात, त्याचं 'पुनरुत्थान' हे भित्तिचित्र आहे. थडग्याच्या कडेवर पाय ठेवून ख्रिस्त उभा, पुढ्यात चार पहारेकरी गाढ झोपलेले. ख्रिस्ताच्या एका बाजूची झाडं निष्पर्ण, दुसऱ्या बाजूची पालवलेली. हे मला लेकीने दाखवलं, मी चेहऱ्यातच अडकले होते. ब्रिटिश लेखक आल्डस हक्सली यांनी १९२५ मध्ये लिहून ठेवलं होतं की हे जगातलं सर्वोत्तम चित्र. १९४४ मध्ये टोनी क्लार्क नावाचा तोफखान्याचा ब्रिटिश अधिकारी याच गावावर मारा करत होता. मध्येच त्याला ते वाक्य आठवलं आणि त्याने तोफा थांबवल्या. जर्मन आधीच निघून गेले होते. गाव वाचलं, भिंत वाचली. गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे.

नदीकाठचं चालणं हा माझा रोजचा नेम झाला होता. सान्सेपोल्क्रोपासून खाली खोरं सपाट आणि रुंद होतं. काठाला पॉप्लर आणि वाळुंज, मग सूर्यफुलं, मका, आणि तंबाखू. हो, तंबाखू! कमरेएवढी झाडं, गुलाबी तुरे, पानं हाताला चिकटणारी. उन्हं चढली की रातकिड्यांसारखा एक आवाज सुरू होतो तो चिकाडांचा, थेट दिवेलागणीपर्यंत. एकदा लाल मातीत काळं-पांढरं पट्ट्यांचं टोकदार काहीतरी सापडलं, वीतभर लांब. साळिंदराचं पीस. आमच्याकडे रायगडच्या रानात सापडतं तसंच.

आणि आता मोंतोने.

१० जुलैला सकाळी निघालो. चित्ता दि कास्तेल्लो ओलांडून खाली गेलं की डावीकडे टेकडीवर तटबंदीचं गाव दिसतं. खाली कार्पीना नावाचा ओढा. टेकडी उंच नाही, ४८२ मीटर. पण वर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की एकामागून एक सोंडा, प्रत्येक सोंडेवर ओकची झाडी, झाडीत एखादं दगडी घर. प्रत्येक घर म्हणजे मशीनगनची जागा. दहाव्या भारतीय डिव्हिजनने जुलै १९४४ मध्ये हे खोरं असं सोंडेसोंडेने चढत घेतलं. नवरा म्हणाला, "ही तर सह्याद्रीतली पोरं, त्यांना हे डोंगर ओळखीचे वाटले असतील." असतीलही. मला मात्र सारखं वाटत होतं, जुलै महिना. गावाकडे लावणी चालू असणार, आणि हा मुलगा करकरीत उन्हात, कोरड्या डोंगरावर.

मोंतोने नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी जुलै २०२३ मध्ये इथे यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं. ते सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते, सावली अगदी आखूड. माणगावहून आईने म्युनिकला पाठवलेला अबोलीचा गजरा मी सुकवून ठेवला होता, तो तिथे ठेवला. लेकीने शाळेतलं माझं भाषण म्हणून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं. "टायबर नदीच्या खोऱ्यात" ही ओळ आली तेव्हा ती खाली बघत होती, नदीकडे.

सायली_डोंबिवली

ताई, शेवटचा परिच्छेद ऑफिसात वाचला आणि उठून पाणी प्यायला जावं लागलं. मला यातलं एक अक्षरही माहीत नव्हतं. इटली म्हणजे रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस एवढंच.

ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन जायचा विचार आहे. गाडी चालवायची हिंमत नाही. बसने, रेल्वेने जमेल का? आई शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही.

सुभेदार_सातारा

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत चोवीस वर्षं काढली. धाग्यात घाडगे साहेबांचं कार्य थोडक्यात आलंय, ते नीट लिहितो. नव्या पोरांना कळायला हवं.

ते ३/५ चे, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. त्यांचा सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, पुढे जात असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. सेक्शनमधले सगळे एकतर पडले किंवा जखमी झाले, एकटे घाडगे उरले. मागे वळून मदत मागायला कुणी नव्हतंच. ते सरळ मशीनगनवर धावले. आधी ग्रेनेड टाकला, त्यात गन आणि गनर दोन्ही गेले. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या स्नायपरने छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात ते पडले. सेक्शन कमांडरने काय करावं हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पुस्तकातून शिकवतात. या माणसाने बाविसाव्या वर्षी करून दाखवलं.

आणखी एक नाव जोडतो. नामदेव जाधव, १/५ मराठा, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला उत्तर इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना माऱ्यातून ओढून आणलं आणि मग एकट्याने मशीनगनचे मोर्चे मोडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, आणि ते जिवंत परतले. इटलीच्या लढाईत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय फौजेचे. पन्नास हजारांवर आपले जवान तिथे लढले, ५७८२ परत आले नाहीत.

ताई, तुम्ही तिथे फूल ठेवलंत. पलटणीतर्फे तुम्हाला सलाम.

माणगावची

सुभेदार साहेब, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. मराठी तिला बोलता येतं पण वाचायला वेळ लागतो, म्हणून मी वाचला आणि तिने दोनदा ऐकला. जाधवांचं नाव मी ऐकून होते, निमज माहीत नव्हतं.

सायली, गाडीशिवाय होतं, पण वेळ हाताशी ठेवून. फ्लोरेन्स-रोम मार्गावर आरेत्सो स्टेशन आहे, तिथून सान्सेपोल्क्रोला आणि आंग्यारीला बस जातात. रविवारी बस अगदी मोजक्या असतात, त्यामुळे रविवार गावातच काढायचा असं ठरवून टाक. पेरुजाकडून खोऱ्यात वर येणारी छोटी रेल्वे आहे, पण तिच्या काही टप्प्यांवर रेल्वेऐवजी बस धावते, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी वेळ पाहूनच घे. आई-बाबांसोबत मोंतोने, मोंतेर्की ही टेकडीवरची गावं एका दिवसाच्या टॅक्सीत उरकलेली बरी. दुपारी एक ते चार देऊळ, दुकान, संग्रहालय बहुतेक सगळं बंद असतं, पुण्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

खाण्याचं तर आईंचं फार छान होईल. आंग्यारीचे ब्रिंगोली मागा. हाताने ओढलेल्या जाड शेवया, फक्त पीठ आणि पाणी, अंडं नाही. टोमॅटो-लसणाच्या रश्शात सांगा, कारण नेहमीच्या रश्शात मांस असतं. चाच्चा तर आहेच, पण "स्त्रुत्तो" म्हणजे डुकराची चरबी घातलीय का ते आधी विचारायचं, काही घरी घालतात. ब्रेड अळणी असतो. पहिल्या दिवशी लोणच्याची आठवण येते.

निपाणकर

तंबाखूचा उल्लेख वाचला आणि लॉगिन झालो. तीन पिढ्या आमच्या घरात तंबाखूच. माझ्या माहितीप्रमाणे तेव्हेरेच्या खोऱ्यात केंटकी जातीचा तंबाखू होतो, तो लाकडाच्या धुरावर सुकवतात आणि तोस्कानोच्या चिरुटात वापरतात. आमच्याकडचा बिडीचा तंबाखू उन्हावर सुकतो. तुम्ही पाहिलेले गुलाबी तुरे खुडून टाकतात, म्हणजे जोर पानात जातो. खुडणीला गेलेल्या बाईच्या हाताला जो काळा चीक बसतो तो दोन दिवस जात नाही, जेवणसुद्धा कडू लागतं. तिथे खुडणी हाताने करतात का यंत्राने?

माणगावची

दोन्ही पाहिलं, दादा. आमच्या शेजारच्या शेतात चार माणसं हाताने खुडत होती आणि त्यांच्या बोटांवर तुम्ही म्हणता तोच चीक होता.

सुकवायच्या जुन्या शेडबद्दल सांगायचं राहिलं. चित्ता दि कास्तेल्लोच्या कडेला तंबाखू सुकवायच्या प्रचंड मोठ्या इमारती आहेत, बाहेरून पूर्ण काळ्या. १९६६ मध्ये फ्लोरेन्सला पूर आला तेव्हा तिथल्या ग्रंथालयातली भिजलेली पुस्तकं या शेडमध्ये आणून सुकवली होती. तंबाखूच्या पानांसाठीची ऊब पुस्तकांच्या पानांना मिळाली. पुढे आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराने आपली भिंतीएवढी चित्रं तिथे करायला आणि मांडायला घेतली. बुर्री याच गावचे, जन्म १९१५, पेशाने डॉक्टर. युद्धात पकडले गेले, अमेरिकेत टेक्सासच्या छावणीत कैदी होते आणि तिथे गोणपाटावर रंगवू लागले. फाटकी, ठिगळं लावलेली, टाके घातलेली पोती. जखमा शिवायची सवय असलेल्या हाताचे टाके आहेत ते, असं मला त्यांच्यासमोर उभं राहून वाटलं.

इतिहासाचा_विद्यार्थी

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर कोस्पायाची गोष्ट इथे हवीच. सान जुस्तिनोजवळची ही वाडी १४४० ते १८२६, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षं, स्वतंत्र प्रजासत्ताक होती. आणि कारण काय, तर एका ओढ्याचा घोळ.

पोप चौथे युजीन यांनी फ्लोरेन्सच्या कोसिमो मेदिचीकडून २५,००० सोन्याचे फ्लोरिन कर्ज घेतलं आणि सान्सेपोल्क्रो गहाण टाकलं. कर्ज फिटेना, म्हणून प्रदेश फ्लोरेन्सला देऊन सीमा आखायचं ठरलं. तहात लिहिलं की सीमा 'रिओ' ओढ्यावर. आता त्या भागात रिओ नावाचे दोन ओढे, एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. पोपच्या माणसांनी आपल्या बाजूचा ओढा धरला, फ्लोरेन्सच्या माणसांनी आपल्या. मधली पट्टी कुणाचीच नाही. तिथल्या गावकऱ्यांनी लगेच आपण स्वतंत्र असल्याचं जाहीर केलं. ना राजा, ना फौज, ना तुरुंग, ना कर. कुटुंबप्रमुख बसून निर्णय घ्यायचे.

सोळाव्या शतकात तोर्नाबुओनी घराण्यामार्फत या भागात तंबाखूचं बी आलं. पुढे पोपच्या राज्यात तंबाखूवर बंदी आली तेव्हा कोस्पायाला पोपचा हुकूमच लागू नव्हता. तीनशे-साडेतीनशे हेक्टरांच्या त्या पट्टीत तंबाखूच तंबाखू झाला. १८२६ मध्ये दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून प्रजासत्ताक मोडलं. गावकऱ्यांना एकेक चांदीचं नाणं दिलं आणि तंबाखू लावायची मुभा, पण मोजून पाच लाख झाडांपर्यंत. चर्चच्या दाराच्या पट्टीवर अजून कोरलेलं आहे, 'चिरंतन आणि अढळ स्वातंत्र्य'. बांधावरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या चालणारे दावे आपण गावोगाव बघतो. इथे बांध चुकला आणि मधल्या लोकांचं कल्याण झालं.

खातेवही

मी सीए आहे, आणि सान्सेपोल्क्रोचं नाव आमच्या लोकांना वेगळ्या कारणाने माहीत असतं. लुका पाचोली इथलाच. १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धत पहिल्यांदा छापील स्वरूपात तपशिलाने आली. व्यापारी ती आधीपासून वापरत होते, पण त्याने ती लिहून सर्वांच्या हाती दिली. डावीकडे नावे, उजवीकडे जमा, आणि दोन्ही बाजू जुळल्याशिवाय रात्री झोपू नये. मी दरवर्षी आर्टिकलशिपच्या मुलांना त्याचं नाव सांगतो. जन्मगाव आज या धाग्यामुळे डोळ्यापुढे आलं. गावात पुतळा आहे का त्याचा?

माणगावची

आहे. मी फोटो काढलाय, संध्याकाळी टाकते.

रानवाटा

मी मागच्या मे महिन्यात फ्रान्सिसची वाट, म्हणजे संत फ्रान्सिसच्या नावाची यात्रेची पायवाट, चाललो, ला व्हेर्नापासून असिसीपर्यंत. त्यातला मोठा टप्पा याच खोऱ्यातून जातो : पिएव्हे, सान्सेपोल्क्रो, चितेर्ना, चित्ता दि कास्तेल्लो, मग डोंगर चढून पिएत्रालुंगा आणि गुब्बिओ. पिवळ्या-निळ्या खुणांवर लक्ष ठेवायचं. लाल-पांढऱ्या पट्ट्या गिर्यारोहण मंडळाच्या वाटांच्या असतात, मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्यामागे जाऊन तीन किलोमीटर चुकलो.

ला व्हेर्ना जरूर करा. १२१३ मध्ये ओर्लांदो नावाच्या सरदाराने हा कडा फ्रान्सिसला दिला, आणि १२२४ मध्ये फ्रान्सिसच्या हातापायांवर ख्रिस्ताच्या जखमा उमटल्या त्या इथेच, अशी श्रद्धा आहे. मठ कड्याच्या टोकावर, सभोवती बीच आणि फरचं राखलेलं जंगल. शतकानुशतकं कुऱ्हाड न लागलेली झाडं. आपल्या देवराईत शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसं तिथे होतं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात लांडगे आहेत. मला ते दिसले नाहीत, पण वाटेवर केसाळ विष्ठा दिसली, ताजी. मेमध्ये शेतांच्या कडेने खसखशीची लाल फुलं, आणि महिनाअखेरीस रात्री काजवे. राजमाची-भंडारदऱ्याएवढे नाहीत, पण ओळखीचे.

एक सूचना गाडीवाल्यांना. जुन्या गावांच्या आत परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असते. एका गावात मी पाटी वाचली नाही, चार महिन्यांनी घरी दंडाची नोटीस आली, आणि गाडी भाड्याने देणाऱ्यांनी त्यावर स्वतःचं शुल्क वेगळं लावलं. तटाबाहेर गाडी लावा आणि चालत जा.

अनघा_नाशिक

मोंतेर्कीबद्दल कुणीच लिहिलं नाही! पिएरोचं 'माता मारिया' तिथे आहे, गरोदर मारिया. दोन देवदूत तंबूचे पडदे बाजूला धरून उभे, मधे ती, एक हात कमरेवर, दुसरा पोटावर, निळ्या झग्याची पुढची शिवण उसवलेली. मी पाच महिन्यांची असताना गेले होते. गरोदर बायकांना तिथे तिकीट नाही. खिडकीतल्या बाईने माझ्या पोटाकडे पाहिलं, हसली आणि माझे पैसे परत सरकवले. आत एका छोट्या खोलीत ते एकच चित्र. तिचा थकलेला चेहरा आणि पाठीला आधार दिलेला हात पाहिला, तर मीही नेमकी तशीच उभी होते. माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे.

माणगावची

अनघा, आम्ही गेलो त्या दिवशी आम्ही तिघंच होतो त्या खोलीत. तुझं वाचून परत जावंसं वाटतंय.

उंबेर्तिदेबद्दल दोन ओळी, नाहीतर राहूनच जाईल. मोंतोनेवरून उतरलं की नदीवरच हे गाव. २५ एप्रिल १९४४ ला मित्रराष्ट्रांची विमानं तेव्हेरेवरचा पूल पाडायला आली, बॉम्ब वस्तीवर पडले आणि सत्तरच्या आसपास माणसं गेली. पुढे १९४६ पासून २५ एप्रिल हाच इटलीचा मुक्तिदिन झाला. तेव्हा अख्खा देश सुट्टी साजरी करतो त्या दिवशी या गावात आपल्या मेलेल्यांची आठवण काढतात. आम्ही आमच्या सैनिकांसाठी गेलो होतो, त्यामुळे हे वाचल्यावर मी बराच वेळ त्या पुलाजवळ बसून राहिले.

सुभेदार_सातारा

बरोबर लिहिलंत. युद्धात खालच्या माणसाला कोणाचा बॉम्ब हे विचारता येत नाही.

आरेत्सोला जाणाऱ्यांनी शहराबाहेरची युद्धस्मशानभूमी पाहावी. दहाव्या भारतीय डिव्हिजनचे बरेच जवान तिथे आहेत, आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी वेगळं स्मारक आहे. हिंदू जवानांच्या दगडावर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं असतं.

माणगावची

आम्ही परतीच्या दिवशी गेलो, साहेब. सायप्रसच्या झाडांमागे उतरत्या उन्हात ती देवनागरी अक्षरं दिसली. म्युनिकला रस्त्यावर कधी मराठी पाटी दिसत नाही, आणि इथे ओळीने आपली लिपी. लेकीने एकेक अक्षर लावत वाचलं. तिथे येणाऱ्यांसाठी वही ठेवलेली असते, त्यात आम्ही मराठीत लिहिलं.

घाडग्यांची कबर मात्र कुठेच नाही. त्यांचं नाव खाली कासिनोच्या स्मारकावर आहे, कबर नसलेल्यांच्या यादीत. तिथवर जायला आम्हाला वेळ उरला नाही, ती रुखरुख आहे.

सायली_डोंबिवली

ताई, कासिनो रोमहून रेल्वेने जाऊन-येऊन एका दिवसात होतं ना? आमचे रोमचे तीन दिवस आहेत. त्यातला एक मी तिकडे देते. बाबांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. त्यांचे मामा फौजेत होते. नाव शोधायचं कसं?

माणगावची

होतं. नेपल्सकडे जाणाऱ्या गाडीने कासिनो स्टेशन, तिथून टॅक्सी. स्मशानभूमीच्या मधोमध हिरव्या संगमरवराचे उंच खांब आहेत, त्यांच्यावर नावं पलटणीप्रमाणे लावलेली असतात. मराठा लाइट इन्फन्ट्री शोधा, पण जुन्या इंग्रजी स्पेलिंगने, 'माहराटा'. त्याखाली हुद्दा, मग नाव. सापडलं नाही तर प्रवेशाजवळ भिंतीत छोटं दार असलेला कप्पा असतो, त्यात नावांचं रजिस्टर ठेवतात. ते उघडून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. वहीही तिथेच असते.

सायली_डोंबिवली

ऑक्टोबरची तिकिटं आज काढली. वहीत बाबा लिहिणार म्हणतायत, मोडीत. त्यांना येते.